पाठीतल्या पाण्याची नक्कल

बंगळूरला जाऊन आलेली माणसं लालबागेचं वर्णन करतात, नव्या विधानसौधाच्या पायऱ्या किती ते सांगतात आणि म्हैसूरपाकाचा पुडा पुढे करतात. मीही तिथं नऊ दिवस होते. लालबाग मी जटक्यात, म्हणजे तिथल्या टांग्यात, बसून पाहिली. विधानसौधाच्या पायऱ्या खालूनच बघून पुरे म्हटलं. आणि म्हैसूरपाक घरी पोचायच्या आत ह्यांनी संपवला. मी गेले होते पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून घ्यायला. असल्या कामासाठी तीर्थयात्रा करणाऱ्या बायका थोड्याच असतील, म्हणून हे लिहून ठेवते.

आजार आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हळहळायला नको. चार वर्षांपूर्वी माझा डावा डोळा महिनाभर अंधारला आणि आपला आपण उजळला. मग डावा तळवा बधिर झाला, तो काही परत आला नाही. मग पाय जड. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं ते लांबलचक इंग्रजी होतं. मेंदूत आणि कण्यात तंतूंवर जे आवरण असतं ते जागोजागी झिजतं, एवढा त्याचा अर्थ. काहींच्यात हा आजार येतो-जातो. काहींच्यात तो मुक्कामाला येतो आणि रोज थोडी जास्त जागा बळकावतो. माझा ह्यांतला कुठला, ते पुण्याला कुणाला सांगता येईना. नातेवाइकांना मात्र सगळं येत होतं. मामंजींच्या मते हे नुसतं मनाचं होतं, थोरल्या वन्संच्या मते शाळेत नोकरी केल्याचं होतं, आणि शेजारच्या काकूंना तर माझ्या उंच टाचेच्या चपलांचाच संशय होता. त्या चपला मी लग्नानंतर घातल्याच नाहीत.

मला उत्तर हवं होतं ते एवढ्यासाठी, की सांगलीला मुलींच्या शाळेत मी गणित आणि भूगोल शिकवते आणि वर्ग आहेत दुसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापिकाबाईंनी गोड शब्दांत विचारलं होतं, की जूनपासून पुरं वर्ष झेपेल का, नाहीतर आत्ताच राजीनामा द्यावा, म्हणजे त्यांना दुसरी बाई बघता येईल. पंधरा वर्षांची नोकरी. ती सोडायची की नाही हे ठरवायला मला माझा आजार कसा चालतो ते कळायला हवं होतं. कुणीतरी सांगितलं की बंगळूरला एक डॉक्टर आहेत, ते पाठीतल्या पाण्यातली प्रथिनं मोजतात आणि त्यावरून आजाराची चाल सांगतात. झालं, आम्ही मिरजेहून गाडी धरली.

मल्लेश्वरम, सोमवार

आमचे हे कोर्टात नक्कलनवीस आहेत. म्हणजे मूळ कागदाबरहुकूम दुसरा कागद लिहायचा, काना-मात्रा इकडची तिकडे न करता, आणि खाली 'खरी नक्कल' असं लिहून सही ठोकायची. वीस वर्षं हेच. घरी वाण्याची यादीसुद्धा हे दोन प्रतींत करतात. माझ्या आजाराचे सगळे कागद ह्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून एका फाईलीत लावले होते आणि ती फाईल प्रवासभर माझ्या मांडीवर होती, कारण ह्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा होता.

उतरलो ते मल्लेश्वरम भागात, ह्यांच्या लांबच्या नात्यातल्या रामोजीअण्णांकडे. अण्णांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले, फौज परत गेली, हे राहिले. अण्णा आता सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहेत. घरात मराठी बोलतात, पण अशी की मला पहिला अर्धा दिवस मान डोलावण्यातच घालवावा लागला. 'अक्का, स्वल्प सरकून बसा,' असं तुळजाक्का, म्हणजे अण्णांच्या बायको, म्हणाल्या. स्वल्प म्हणजे थोडं. सरी म्हणजे ठीक. आणि प्रकृती, हवा, पोराचे मार्क, कशाचीही चौकशी केली की उत्तर एकच, 'चन्नागिदे', म्हणजे छान आहे. मला हसू आलं. मग आठवलं, आमच्याकडे तरी काय वेगळं असतं? चितेवर ठेवलेल्या माणसालाही आम्ही 'बरं आहे ना?' विचारू आणि तो 'बरं आहे' म्हणेल.

आमची मराठी ऐकून तुळजाक्कांना वाटे की आम्ही सतत भांडतोय. त्यांची ऐकून मला वाटे की त्या कुणालातरी झोपवतायत. चहा मागितला तर कॉफी आली, पितळेच्या वाटीत पेला पालथा घालून. ती उलटवताना पहिल्या दिवशी मी अर्धी लुगड्यावर सांडली. हात थरथरला, पण मी दोष वाटीला दिला आणि तुळजाक्कांनी तो मान्य केला. नारळाची होळिगे मात्र अशी, की आमच्या पुरणपोळीचा मला असलेला गर्व दोन घासांत उतरला.

आणि हवा! वैशाखात तिथं माणसं संध्याकाळी स्वेटर घालतात. सांगलीत त्या वेळी डांबर पायाला चिकटतं. जटक्यातून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी मोठी झाडं आणि त्यांच्याखाली एवढी स्वच्छ पायवाट, की कुणीही चालावं. मला त्या पायवाटेचा रागच आला.

इस्पितळ, बुधवार

डॉक्टर केशवमूर्ती उंच, बारीक आणि अतिशय सभ्य गृहस्थ. पण त्यांच्या आधी एक सिस्टर भेटल्या. त्या कानडीत प्रश्न विचारणार, अण्णा तो आपल्या मराठीत ह्यांना सांगणार, हे उत्तर देणार आणि अण्णा ते परत कानडीत नेणार. मी मध्ये पलंगावर बसलेली, इंग्रजी चांगलं जाणणारी, पण मला कोण विचारतो? लघवी आवरते का असा त्यांचा प्रश्न होता, त्यांच्या हातातल्या छापील कागदावर तो इंग्रजीत मला दिसत होता. अण्णा लाल झाले आणि ह्यांना म्हणाले की अक्का पाणी नीट पितात का विचारतायत. ह्यांनी छातीठोकपणे सांगितलं, भरपूर पिते. सिस्टरांनी ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न, चालणं कसं आहे? हे म्हणाले, उत्तम आहे, थोडी दमते एवढंच. तेही लिहून घेतलं. मी गप्प बसले. का ते पुढे येईल.

डॉक्टर आले तेव्हा मी सरळ इंग्रजीत बोलले आणि दोन्ही दुभाष्यांची नोकरी गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला आवडलं. पाठीतलं पाणी काढायचं, त्यात प्रथिनं एकूण किती ते मोजायचं. मग उरलेलं पाणी आटवून त्याचा थेंब ओल्या कागदाच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीतून वीज सोडायची. प्रथिनं विजेमागे पळतात, कुणी लांब जातात, कुणी मागे रेंगाळतात. कागद रंगवला की ज्याची त्याची जागा दिसते. रेंगाळणाऱ्यांचा पट्टा गडद असला की हा आजार. वर्गात मागच्या बाकावर गर्दी दिसली की मास्तरला कळतंच, तसंच हे.

'आधी कधी प्रथिनं मोजली होती?' त्यांनी विचारलं. दोन वर्षांपूर्वी, पुण्याला, म्हणून मी फाईल उघडून कागद दिला. त्यावर आकडा होता सत्तावीस, खाली 'खरी नक्कल' आणि सही. डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. दोन वेळा पाणी काढून घेतलेला रोगी त्यांना अजून भेटलाच नव्हता. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून आजाराची चाल मोजायची हे त्यांचं स्वप्न होतं आणि ते सांगलीहून डबा घेऊन चालत आलं होतं. हे माझ्या शेजारी उभे होते. एकदा खोकले. मला वाटलं कॉफी बाधली.

शुक्रवार, पाठीवर पडून

पाणी काढतात ते असं. कुशीवर झोपायचं, गुडघे हनुवटीला भिडवायचे, आणि मग पाठीमागे एक माणूस जे करतो ते आपल्याला दिसत नाही ही त्यातली सोय. दुखतं. जी माणसं दुखत नाही म्हणतात ती सगळी सुईच्या दुसऱ्या बाजूला असतात. नंतर उशीशिवाय दिवसभर उताणं पडायचं. डोकं उचललं की असं ठणकतं की जन्मलो कशाला असं वाटतं. तुळजाक्का चमच्याने चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, भरवत होत्या, त्यातल्या मोहऱ्या माझ्या कानापर्यंत गेल्या. त्या म्हणाल्या, चन्नागिदे. मी म्हटलं, तुमच्या जिभेला हाड आहे की नाही? त्या खळखळून हसल्या आणि तेव्हापासून आमचं जमलं.

इस्पितळ, सोमवार

डॉक्टरांनी आलेखाचा कागद समोर ठेवला. कागदाच्या पट्टीवर मागचा पट्टा गडद होता, म्हणजे आजार तोच, पुण्याने बरोबर सांगितलं होतं. नवा आकडा होता शहात्तर. त्यांनी एक ठिपका सत्तावीसवर दिला, एक शहात्तरवर, फूटपट्टी लावली आणि रेघ ओढली. रेघ चढावर अशी निघाली होती की मला तिच्याकडे बघूनच दम लागला. ती त्यांनी पुढेही नेली, ठिपक्यांनी, हलक्या हाताने. मग पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले की आजार सरकणाऱ्या जातीचा आहे आणि वेगाने सरकतोय. वर्ष, दीड वर्ष. मग चाकाची खुर्ची. शाळा सोडलेली बरी.

दोन ठिपक्यांतून रेघ जातेच, हे मी पाचवीच्या मुलींना शिकवते. तिसरा ठिपका आल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका, हेही शिकवते. पण ती रेघ माझी होती म्हटल्यावर माझं सगळं गणित गेलं. मी म्हटलं, थँक यू डॉक्टर. ह्यांना मराठीत सांगितलं. हे भिंतीकडे बघत होते.

घरी येऊन मी राजीनामा लिहिला. पाच ओळी. रडले नाही, राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून तुळजाक्कांच्या मांजरावर काढला. मग तो कागद ह्यांच्यापुढे टाकला आणि म्हटलं, माझा हात कापतोय, अक्षर वेडंवाकडं आलंय. स्वच्छ प्रत काढा, उद्या टपालात टाकू.

ह्यांनी कागद घेतला. लेखणीचं टोपण काढलं. 'मा. मुख्याध्यापिकाबाई यांस' एवढं लिहिलं, आणि थांबले. वीस वर्षांत ह्यांची लेखणी मध्येच थांबलेली मी पाहिली नव्हती. बेलिफाच्या मुलीच्या मयताची नोंद उतरवताना नाही, स्वतःच्या भावाच्या दिवाळखोरीचा हुकूम उतरवताना नाही. मी म्हटलं, काय झालं?

'तो आकडा मी बदलला,' हे म्हणाले. 'पुण्याचा. सत्त्याहत्तर होता. मी सत्तावीस लिहिला.'

मला आधी समजलंच नाही. मग हे बोलत सुटले. म्हणे पुण्याला कंपाउंडरने सांगितलं होतं की चाळीसच्या वर म्हणजे वाईट. तू प्रत्येक कागद वाचतेस, तुला झोप आली नसती. एकच आकडा, सातचा दोन केला. खाली सवयीने 'खरी नक्कल' लिहून गेलो. बुधवारी फाईल तूच उघडलीस, तूच कागद दिलास, मग तुझ्यासमोर कसं सांगू? आणि वाटलं, जुना आकडा आहे, त्याला आता कोण विचारतंय?

मूळ कागद कुठे आहे, मी विचारलं. फाडला असेल तर मी त्यांनाच फाडलं असतं. पण नक्कलनवीस मूळ कागद कधी फाडत नाही. ह्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी काढली. दोन वर्षं तो कागद ह्यांच्या छातीशी होता आणि कोट परटाकडे देताना हे खिसे का चाचपत बसत, ते मला त्या दिवशी कळलं. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. मेल्या माणसाशी बोलावं तसं खोटं माझ्याशी बोललात, म्हटलं. हे ऐकून घेत होते. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याचीही दया येत नव्हती.

इस्पितळ, मंगळवार

डॉक्टरांनी मूळ कागद वाचला. मग नक्कल वाचली. मग 'खरी नक्कल' ह्या शब्दांचा अर्थ मला विचारला. मी सांगितला. ते ह्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की ह्यांनी टोपी काढून हातात घेतली.

मग त्यांनी नवा आलेख काढला. सत्त्याहत्तर, शहात्तर. रेघ आडवी पडली, सोलापूरच्या रस्त्यासारखी. माझा आजार धावत नाही हे कळून हिरमुसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण गृहस्थ सचोटीचा. म्हणाला, 'तुमच्या मिस्टरांनी एक आकडा खोटा लिहिला. मी त्या आकड्यावर तुमचं आयुष्य लिहिलं. माझी चूक मोठी आहे.' मी मान डोलावली, कारण ते खरंच होतं.

हे मात्र उभ्या उभ्या दहा वर्षांनी तरुण झाले. बघ, म्हणाले, काही वाढलेलं नाही! अण्णा म्हणाले, सरी, सरी. कुणीतरी बाहेर जाऊन पेढे आणावेत अशी हवा झाली. डॉक्टरांनी आपली जाड वही ओढली, माझं नाव काढलं आणि इंग्रजीत लिहायला लागले, की दोन वर्षांत प्रथिनं तेवढीच, चालणं उत्तम, सबब आजार स्थिर. हे चालणं उत्तम कुठून आलं? सिस्टरांच्या कागदावरून. ह्यांच्या तोंडून.

मला गप्प बसता आलं असतं. दुसरा मजला, जून, पुरं वर्ष, सगळं हातात आलं होतं. पण ते वहीत जे लिहीत होते त्यावरून ते उद्या दुसऱ्या कुणा बाईला सांगणार होते, की तुमचा आकडा हलला नाही, काळजी करू नका. माझ्या नावावर आणखी एक नक्कल निघत होती, आणि तिच्याखाली सही माझ्या गप्प बसण्याची होती.

मी म्हटलं, डॉक्टर, लिहू नका. मला विचारा.

त्यांनी मान वर केली. 'शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मध्ये किती वेळा थांबता?'

'दोन वर्षांपूर्वी एकदाही नाही. मागच्या वर्षी एकदा. आता चारदा. शेवटचा जिना कठडा धरून, मुली वर गेल्यावर.'

हे माझ्याकडे बघत होते. ह्यांना एकदाही थांबलेलं माहीत नव्हतं. कारण ह्यांच्याबरोबर असताना मी फुलवालीपाशी थांबे, चपलेचा अंगठा नीट करायला थांबे, ओळखीच्या बाईशी बोलायला थांबे. सगळ्या गावाला खोटारडं म्हणणारी मी, पाय ओढतोय हे घरात कुणाला दिसू नये म्हणून दोन वर्षं अशी नाटकं करत होते. सिस्टरांपुढे हे 'उत्तम' म्हणाले तेव्हा मी गप्प बसले ती ह्याचमुळे. ह्यांनी एक आकडा बदलला होता. मी रोज बदलत होते.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. मग हळूच म्हणाले की म्हणजे आकडा जागच्या जागी आणि तुम्ही तेवढ्या वेळात चार थांबे पुढे. ह्या प्रथिनांवरून कोणता आजार ते कळतं, किती सरकला ते कळत नाही. निदान आज तरी नाही. कधीतरी असं एखादं प्रथिन सापडेल ज्याला काळ कळतो, पण ते मला अजून सापडलेलं नाही.

'मग मी किती दिवस चालेन?'

'मला माहीत नाही,' ते म्हणाले.

चार वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. मी त्यांना म्हटलं, तुमची फी वसूल झाली. ते हसले नाहीत. दर वर्षी पत्राने थांबे कळवा, एवढंच म्हणाले, आणि पत्र तुम्ही स्वतः लिहा.

परतीची गाडी

निघायच्या आधी मी राजीनामा फाडला आणि दुसरं पत्र लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात. की मला पायांचा आजार आहे, तो वाढतोय, बरा होणार नाही. तळमजल्यावरचा वर्ग आणि एक खुर्ची दिलीत तर हे वर्ष शिकवीन. पुढच्या वर्षाचं मला माहीत नाही. शब्द द्यायचा तर एवढाच देता येतो. तुळजाक्कांनी ते टपालपेटीत टाकलं आणि मला होळिगेचा डबा दिला. कशी आहे अक्काची तब्येत, शेजारणीने त्यांना विचारलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, बरी नाहीये.

दुपारच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. हे बराच वेळ टोपीची घडी करत होते, उलगडत होते. माझ्या आजारात ह्यांनी मला रोज 'होईल बरं' म्हणून झोपवलं होतं. आता तेच म्हणतील म्हणून मी तयारीत होते, तोडून टाकायच्या.

'चारदा,' हे म्हणाले.

'चारदा.'

'आणखी काय लपवलंयस?'

मी सांगायला लागले. आंघोळीचं पाणी डाव्या पायाला कढत लागत नाही ते. मोरीत पडले होते ते, आणि घागर फुटली म्हणून सांगितलं होतं ते. खडू सुटतो ते. सिस्टरांचा जो प्रश्न अण्णांनी गिळला त्याचं उत्तर. हे 'होईल बरं' म्हणाले नाहीत. नुसते ऐकत होते, आणि मध्येच एकदा म्हणाले, सावकाश सांग. तुमकूर मागे पडलं. अरसीकेरे आलं, गाडी बराच वेळ थांबली, निघाली, तरी माझं सांगून संपलं नव्हतं.